सर्वांना एकच माप?

वार्षिकांकासाठी काहीतरी लिहून द्या, असा आमच्या जुन्या प्राध्यापकांचा निरोप आला तेव्हा 'मनाचे आरोग्य कसे राखावे' अशा धर्तीचा एखादा उपदेशपर लेख लिहावा, असे प्रथम मनात आले. सकाळी लवकर उठावे, व्यायाम करावा, मोबाईल कमी पाहावा, मन मोकळे करावे. असले लेख लिहायला सोपे आणि वाचायला त्याहून सोपे. ते वाचून कोणाचे काही बिघडत नाही आणि बहुधा सुधारतही नाही. म्हणून तो बेत सोडला. समुपदेशनाचे काम करताना ज्या एका प्रश्नाने गेली काही वर्षे माझी पाठ सोडलेली नाही, तोच आपल्यापुढे मांडायचे ठरवले. प्रश्न असा : मनाचे दुःख घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आपण एकसारखे वागवतो, म्हणजे आपण न्यायाने वागतो काय?

माझे उत्तर 'नाही' असे आहे. ते मला एका चुकीतून मिळाले. ती चूक आधी सांगते. यापुढे ज्या माणसांविषयी लिहिणार आहे त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, हेही येथेच नमूद करते.

मी सालवडची. म्हणजे वाढले सालवडला. वडील घाटावरून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आले आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. ज्यांनी सालवड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, बोईसर स्टेशनला उतरून पश्चिमेकडे निघाले की ही वसाहत लागते. एका अंगाला रसायनांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने. दुसऱ्या अंगाला जुने गाव, पाडे आणि कामगारांच्या चाळी. आणखी पुढे समुद्राकडे गेले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र. या केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, ती माणसेही याच परिसरात आहेत. एवढ्याशा पट्ट्यात वारली आहेत, मांगेले आहेत, वाडवळ आणि भंडारी आहेत; आमच्यासारखे घाटावरून आणि खानदेशातून आलेले नोकरदार आहेत; उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार आहेत. सकाळी पहिली पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्यावर उभे राहिले तर चार-पाच भाषा कानांवर पडतात. अशा ठिकाणी, मुंबईहून एम. ए. करून परत आल्यावर, मी दोन खोल्या भाड्याने घेऊन समुपदेशन केंद्र सुरू केले. मी औषधे देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञांचे. मी बोलते, ऐकते, आणि माणसाला त्याची वाट सापडावी म्हणून त्याच्याबरोबर थोडे अंतर चालते.

पहिल्याच वर्षी, पावसाळा सरता सरता, जवळच्या पाड्यावरची एक वारली बाई आली. गावातल्या आशाताईंनी तिला पाठवले होते. तिचे लहान मूल गेले होते. दोन महिने झोप नव्हती, अन्न जात नव्हते, ती कोणाशी बोलत नव्हती. ती दारातच उंबऱ्याजवळ खाली बसली. मी तिला आग्रहाने खुर्चीवर बसवले. मग माझ्या पद्धतीप्रमाणे छापील कागद पुढे ओढला : नाव, वय, शिक्षण, जात, उत्पन्न, कुटुंबातील माणसे. एकेक रकाना भरून झाला. शेवटी संमतिपत्र होते. तिला सही येत नव्हती, म्हणून मी शाईची डबी उघडली आणि म्हटले, "इथे अंगठा कर."

तिने डबीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, हात पदराखाली घेतला, आणि "येते" म्हणून उठून गेली. ती पुन्हा आली नाही.

त्या संध्याकाळी मी नोंदवहीत लिहिले : 'सहकार्य नाही. उपचाराविषयी उदासीन.' ते वाक्य आजही त्या वहीत आहे. मी ते खोडलेले नाही, मुद्दामच नाही.

पुढे केव्हातरी आशाताई सहज बोलून गेल्या, की त्या बाईच्या सासरची जमीन आजोबांच्या वेळी अंगठ्यानेच गेली, असे त्या घरात सांगतात. कोऱ्या कागदावर अंगठा आणि सकाळी शेत दुसऱ्याचे. तेव्हा मला गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकाची आठवण झाली. सावकार आणि जमीनदार, वेठबिगार, लग्नाच्या कर्जापायी नवराबायकोला गुलाम करणारी लग्नगडी पद्धत, आणि त्याविरुद्ध १९४५ साली झालेला वारल्यांचा उठाव, हे सारे मी वाचले होते. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. पण तो इतिहास माझ्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसू शकतो आणि माझ्या हातातली शाईची डबी पाहून उठून जाऊ शकतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

आता कोणी म्हणेल, की यात तुमची चूक कोणती? संमती घेणे हा तर नियम आहे. तुम्ही सर्वांकडून घेता तशी तिच्याकडूनही घेतलीत. हे अगदी खरे आहे. त्याच आठवड्यात वसाहतीतल्या एका इंजिनिअर गृहस्थांनी तोच कागद न वाचता सही करून दिला होता. कागद एकच, मजकूर एकच, माझा आवाजही एकच. परंतु एकाला तो उपचाराचा भाग वाटला आणि दुसरीला तो जमीन गिळणारा कागद वाटला. सर्वांना एकच माप लावले की माप लावणाऱ्याचे मन स्वच्छ राहते. ज्याला ते माप लागत नाही तो मात्र बाहेर पडतो. आणि बाहेर पडल्याचा दोषही आपण त्याच्याच नावावर लिहितो. माझी खरी चूक अंगठा मागण्याची नव्हती, तर नोंदवहीत लिहिलेल्या त्या वाक्याची होती.

अशी चूक करणारी मी पहिली नाही. १९५३ साली फ्रान्ट्झ फॅनन हा कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ अल्जीरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात रुजू झाला. अल्जीरिया त्या वेळी फ्रेंचांच्या ताब्यात होता. रुग्णांना नुसते कोंडून न ठेवता त्यांच्यासाठी वॉर्डातच एक छोटा समाज उभा करावा, ही पद्धत तो फ्रान्समध्ये शिकून आला होता. युरोपीय स्त्रियांच्या वॉर्डात त्याने संगीताच्या बैठका, चित्रपट, सणसमारंभ, शिवणकाम, रुग्णांचे वर्तमानपत्र असे उपक्रम सुरू केले आणि वॉर्डाचा नूर पालटला. तेच उपक्रम त्याने अल्जीरियन मुसलमान पुरुषांच्या वॉर्डात नेले, आणि ते साफ कोसळले. कोणी येईना, आलेले बोलेनात. 'हे लोकच असे' असे म्हणून त्याला मोकळे होता आले असते. त्या काळचे कितीतरी डॉक्टर तसे म्हणतही होते. फॅननने आपल्या सहकाऱ्याबरोबर १९५४ साली लेख लिहून चूक आपली असल्याचे मान्य केले. युरोपीय माणसाच्या जगण्यातून निघालेली चौकट आपण दुसऱ्या समाजावर तशीच ठेवली, हे त्याने ओळखले. मग त्या वॉर्डासाठी गावात असते तसे कॉफीचे दुकान आले, त्यांचे सण साजरे होऊ लागले, गोष्टी सांगणारा कथेकरी आला. माणसे हळूहळू बोलू लागली. विशेष हे, की फॅनन स्वतः त्या समाजात परकाच होता. त्याला त्यांची भाषा येत नव्हती, दुभाष्यामार्फत बोलावे लागे. तरीही त्याने प्रश्न रुग्णाला न विचारता आधी स्वतःच्या पद्धतीला विचारला.

पण एवढ्या दूर जाण्याचे तरी कारण काय? बोईसरहून गाडीत बसले की वाणगाव, डहाणू आणि मग घोलवड. त्या भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे केले ते आपल्या अंगणातले उदाहरण आहे. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नव्हती. 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही' हे उत्तर तेव्हाही तयार होते. ताराबाईंनी ते स्वीकारले नाही. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा आज देशभर रूढ झालेला शब्द जन्माला आला. मोठी मुले गुरे राखायला जातात तर शाळा कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात म्हणून शाळेला येत नाहीत, तर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका ठिकाणी आणली. तिचे नाव विकासवाडी. माँटेसरीची महागडी साधने मिळणे शक्य नव्हते, तर खडे, शिंपले, पाने, बिया हीच साधने झाली. शिक्षणाची तत्त्वे त्यांनी सोडली नाहीत. ती ज्या भांड्यातून द्यायची ते भांडे मात्र बदलले.

मला वाटते, मानसोपचाराला आज हाच धडा हवा आहे. आमच्या शास्त्रातही ही जाणीव आता आली आहे. १९९२ साली अमेरिकेत डेराल्ड विंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुपदेशकाच्या अंगी कोणती पात्रता हवी याची मांडणी केली, तिच्यात पहिले स्थान समुपदेशकाने स्वतःचे पूर्वग्रह ओळखण्याला दिले आहे. समोरच्याचे जग समजून घेणे आणि त्याला रुचेल, पेलेल अशी उपाययोजना करणे या गोष्टी त्यानंतर येतात. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक वेळा आपण दुसऱ्या पायरीवरून चढायला सुरुवात करतो आणि पहिली पायरी राहून जाते.

आता माझ्या रोजच्या कामातले दोन-तीन अनुभव सांगते, म्हणजे ही केवळ तत्त्वचर्चा वाटणार नाही.

चाळीत राहणारा उत्तर प्रदेशातला एक तरुण कामगार आला. "सर में गॅस चढता है," एवढीच त्याची तक्रार. पोट तपासून झाले होते, डोक्याचा फोटो काढून झाला होता, सगळे ठीक होते. मी छापील प्रश्नावली घेतली. उदास वाटते का? नाही. निराश वाटते का? नाही. सर्व उत्तरे नकारार्थी. प्रश्नावलीच्या हिशेबाने तो ठणठणीत होता. मग मी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, हा गॅस केव्हा चढतो? म्हणाला, रात्रपाळी संपवून खोलीवर आलो आणि घरचा फोन आला, की चढतो. गावी बहिणीचे लग्न ठरले होते. ठेकेदाराकडे दोन महिन्यांचा पगार अडकला होता. घरी तसे सांगता येत नव्हते. थोरला मुलगा शहरात कमावतो, ही घराची पत होती. त्याच्या भाषेत 'डिप्रेशन' हा शब्दच नव्हता. त्याचे दुःख डोक्यात चढत होते, छातीत धडधडत होते, पायांत गोळे आणत होते. आपल्याकडेही माणसे 'मला नैराश्य आले आहे' असे थोडेच म्हणतात? जीव लागत नाही, हातापायांत जीव नाही, डोके भणभणते, असेच म्हणतात. २०१३ साली निघालेल्या अमेरिकन निदानपुस्तिकेत यासाठी सोळा प्रश्नांची एक मुलाखत दिलेली आहे. तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला असे तुम्हाला आणि घरच्यांना वाटते, अशा वळणाचे ते प्रश्न आहेत. आमच्या आजीने एवढे विचारायला पुस्तक उघडले नसते. परंतु आम्हा शिकलेल्यांना पुस्तकात वाचल्याशिवाय सुचत नाही, हेही खरे.

या तरुणाला मी सोमवारी सकाळी अकराची वेळ दिली होती. तो आला नाही. पुन्हा 'सहकार्य नाही' असे लिहिण्याचा मोह झाला. पण अकराला येणे म्हणजे त्याचा एक खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी. तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस मी रात्री आठ ते दहा केंद्र उघडे ठेवते. ही गोष्ट कोणत्याही उपचारपद्धतीत सांगितलेली नाही. परंतु माझ्याकडे येणाऱ्यांची संख्या एखाद्या नव्या पद्धतीने वाढली नसती इतकी या दोन तासांनी वाढली. त्या तरुणाच्या बाबतीत कामगार कार्यालयात पगाराविषयी तक्रार कशी करायची हे समजावून देणे, हादेखील उपचाराचाच भाग झाला. अडकलेला पगार तसाच ठेवून श्वासाचे व्यायाम शिकवणे मला पटले नाही.

दुसरा अनुभव एका विद्यार्थिनीचा. ती दलित कुटुंबातली होती. वसतिगृहात तिच्याबरोबरच्या मुली शिष्यवृत्तीवरून टोमणे मारत. "तुमचं काय बाई, सरकार भरतंय." तिने जेवणघरात जाणे बंद केले, मग वर्गात जाणे बंद केले. ती याआधी एका समुपदेशकाकडे गेली होती. त्यांनी तिला न्यूनगंड असल्याचे सांगितले आणि आरशासमोर उभे राहून 'मी समर्थ आहे' असे रोज म्हणायला लावले. मी ऐकले आणि खाली पाहिले, कारण चार वर्षांपूर्वी मीही तेच केले असते. न्यूनगंड हा मनाचा दोष. पण रोज ताटावर बसल्यावर कोणी अपमान करीत असेल आणि जेवण जात नसेल, तर दोष मनाचा कसा? ते मन तर शाबूत आहे, म्हणूनच त्याला दुखते. अपमानाला आजाराचे नाव दिले की अपमान करणारे सुटतात आणि सोसणाऱ्याच्या माथी आणखी एक ओझे बसते. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत उच्च वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली आणि जातीवरून छळ झाल्याचा आरोप न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा वर्तमानपत्रांत 'मुलांनी मन खंबीर करावे' असा सूर काही ठिकाणी उमटला होता. मला तो सूर फार बोचला. मन खंबीर करायला मी जरूर मदत करीन. पण खंबीरपणाचा धडा फक्त सोसणाऱ्यांनाच का?

तिसऱ्या अनुभवात दोषी मीच. एक वडील आपल्या विशीतल्या मुलाला घेऊन आले. "लग्नाला नाही म्हणतो, काय ते बघा." मी वडिलांना बाहेर बसवून मुलाशी हसत बोलले, "मुलगी कशी हवी आहे?" तो गप्प झाला. तीन भेटी गप्पच होता. चौथ्या भेटीत म्हणाला, "मॅडम, तुम्ही पहिल्याच दिवशी प्रश्न असा विचारलात, की खरं उत्तर द्यायला जागाच नव्हती." त्याला मुलगी नको होती, त्याचे मन मुलांकडे ओढ घेणारे होते. समलिंगी आकर्षण हा आजार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली मान्य केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. अशा माणसांना 'बदलून' देण्याचे उपचार करणे हे डॉक्टरांच्या बाबतीत गैरवर्तन ठरते, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली कळवले. हे सारे मला पाठ होते. तरी तोंडातून निघाला तो प्रश्न जुन्या वळणाचाच. ज्ञान डोक्यात असते आणि सवय जिभेवर असते. आता मी एवढेच विचारते, "घरात लग्नाचा विषय निघाला की तुला काय वाटते?" या प्रश्नात त्याला उभे राहायला जागा आहे. वडिलांनाही मी हाकलले नाही. त्यांची भीती खरी होती : गाव काय म्हणेल, म्हातारपणी याचे कोण? त्यांच्याशीही सहा महिने बोलणे चालू होते.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला वजनदार वाटतो. 'तुम्ही माणसाकडे माणूस म्हणून पाहा. जात, धर्म, भाषा, लिंग हे सगळे कशाला मध्ये आणता? अशाने माणसांवर शिक्केच बसतील.' या आक्षेपात अर्धे सत्य आहे. त्या वारली बाईच्या प्रसंगानंतर मी वारल्यांविषयी बरेच वाचले, हिरवा देव, कणसरी, भगताचे स्थान, सारे समजून घेतले. पुढे एका पाड्यावरची तरुण मुलगी आली तेव्हा मी मोठ्या समजूतदारपणे विचारले, "भगताला दाखवलंत का?" ती म्हणाली, "मी नर्सिंगला आहे मॅडम. माझा त्यावर विश्वास नाही." मी चांगलीच वरमले. आधी अज्ञानाचा चष्मा होता, आता माहितीचा. चष्मा तो चष्माच. समाजाविषयीची माहिती प्रश्न विचारण्यापुरती उपयोगी असते, उत्तर गृहीत धरण्यासाठी नव्हे. परंतु आक्षेपाचे दुसरे अर्धे मला मान्य नाही. 'मी जात पाहत नाही' हे म्हणणे ज्याला जातीने कधी अडवले नाही त्याला सोपे जाते. ज्याला रोज अडवले जाते त्याच्या दुःखातून जात वजा केली, तर उरलेले दुःख त्याचे राहतच नाही.

दुसरा आक्षेप असा, की अशाने अंधश्रद्धेला मोकळे रान मिळेल. तसे नाही. २००१ साली तामिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडांनी बांधून ठेवलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले, हे विसरता येणार नाही. आपल्या राज्यात २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या बलिदानानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, तो फुकट आलेला नाही. मारहाण, चटके, उपासमार, पैशाची लूट यांच्याशी तडजोड नाही. पण जो भगत केवळ धीर देतो, त्याच्याकडे जाणाऱ्या माणसाची टिंगल करून मी काय मिळवणार? गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम चालला. तेथे प्रार्थनेला येणाऱ्या रुग्णांना त्याच आवारात मनोविकारतज्ज्ञांकडूनही औषध मिळे आणि तेथील मुजावरच त्यांना डॉक्टरांकडे पाठवत. माणूस जेथे आधीच येतो तेथे आपण जावे, ही ती कुरणशाळेचीच युक्ती.

आपल्या मराठी-कोकणी मुलखाजवळचे आणखी एक उदाहरण गोव्याचे. तेथील 'संगात' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या उदासीनतेच्या रुग्णांसाठी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांनाच शिकवून समुपदेशक केले. सहा ते आठ भेटी, कधी केंद्रात तर कधी रुग्णाच्या घरी. त्याचा गुण येतो, हे २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शेजारच्या माणसाची भाषा आणि शेजारच्या माणसाचा वेळ यांचे मोल आमच्या पदव्यांपेक्षा कमी नाही, एवढे तरी यावरून दिसते.

गरज केवढी आहे हेही पाहू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार देशातल्या दर शंभर प्रौढांपैकी सुमारे दहा जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि त्यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळालेले नव्हते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला. त्याच्या अठराव्या कलमाने मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क ठरवला, आणि लिंग, लैंगिक कल, धर्म, संस्कृती, जात, वर्ग, अपंगत्व यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. कायदा उत्तम आहे. पण कायदा दार उघडून देतो. उंबरठा किती उंच ठेवायचा हे आत बसलेल्याच्या हाती असते. संमतिपत्र मी आजही घेते, कारण ते रुग्णाच्या रक्षणासाठीच आहे. मात्र ते पहिल्या भेटीत पुढे करीत नाही. आधी तोंडी समजावते, मोठ्याने वाचून दाखवते, एक प्रत त्यांच्या हाती देते, घरी नेऊन कोणालाही दाखवा म्हणते. सोबत आशाताईंनी बसावे की न बसावे, हेही विचारते. कारण ओळखीचे माणूस कधी आधार असते, तर कधी त्याच्यासमोर तोंड उघडत नाही. खोलीत खुर्च्या आहेत तशी एक चटईही आहे. मी स्वतः बहुतेकदा चटईवरच बसते.

आपल्यापैकी काही जण मानसशास्त्र घेऊन पुढे शिकतील, काही शिक्षक होतील, काही तलाठी, काही बँकेत, काही कारखान्याच्या कार्यालयात जातील. टेबलाच्या अलीकडे बसण्याची वेळ आपल्यातल्या पुष्कळांवर येणार आहे. तेव्हा समोरचे माणूस गप्प राहिले, उठून गेले, ठरल्या वेळी आले नाही, तर नोंदवहीत काही लिहिण्याआधी क्षणभर थांबा आणि आपल्याच टेबलाकडे एकदा पाहा, एवढीच माझी विनंती आहे. आणि आपल्यापैकी कोणाचा स्वतःचाच जीव घाबरा होत असेल, झोप उडाली असेल, तर १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस'चा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. फोन करण्यात कमीपणा नाही.

त्या बाईच्या पाड्यावरून माझे जाणे-येणे असते. ती मला अजून भेटलेली नाही. कधी भेटलीच तर तिच्याजवळ खाली बसावे आणि काहीही न लिहिता तिचे म्हणणे ऐकावे, एवढी इच्छा आहे. तोवर नोंदवहीतले ते वाक्य तसेच राहू दे. नव्या माणसाची पहिली भेट असली की मी ते पान एकदा उघडून वाचते, आणि मग दार उघडते.